मीच मागितलेला समन्स

चहा तुम्ही मागवलाय म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आमच्या घरात काढू देत नाही. आणि हो, हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात तर पुढचं सांगवत नाही, आणि पुढचंच जास्त लाजिरवाणं आहे.

कोर्टाचा कागद आला म्हणून माणूस घाबरतो, पळतो, हे कोणीही समजू शकतं. पण जो कागद आपणच हात जोडून मागवला, त्याच कागदापासून कोणी पळतं का? मी पळालो. मंगरूळपीरहून थेट रिसोडपर्यंत पळालो!

बसस्टँडमागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. सीझनमध्ये लग्नाच्या शूटिंग, बाकी वर्षभर पासपोर्ट फोटो. शेजारी रफीकचाचांचं टेलरिंगचं दुकान. मधली भिंत इतकी पातळ की मी इकडं 'जरा हसा' म्हटलं की तिकडं त्यांचं गिऱ्हाईक हसतं.

तीन वर्षांपूर्वी शांताकाकू माझ्याकडे आल्या. नात्यातल्या नाहीत, पण माझ्या सासरगावच्या. त्यांचं घर शेतातच आहे, आणि घरापासून सडकेपर्यंत एक गाडीवाट, आजे-पणजे चालत आले ती. ती वाट जाते माझ्या साळ्याच्या, प्रकाशच्या, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून. एका पावसाळ्यात प्रकाशनं काय करावं? सगळी वाट नांगरली आणि तिच्यावर सोयाबीन पेरलं! वरून गावभर सांगत फिरला, "इथं रस्ता कवाच नवता."

झालं. काकूंचं घर बेट बनलं. दुसऱ्यांच्या शेतांतून चिखल तुडवत जायचं आणि ज्याच्या शेतातून जायचं त्याच्या शिव्या खायच्या. सून अडली तेव्हा तिला बाजेवर टाकून चौघांनी सडकेपर्यंत आणली. काकूंनी शेवटी रस्त्यासाठी कोर्टात दावा टाकला.

आता त्यात माझा संबंध काय? तर त्यांच्या मुलाच्या लग्नाची शूटिंग मी केली होती. वऱ्हाडाचा ट्रॅक्टर त्याच वाटेनं गेला होता, पुढं बँड, आणि मी ट्रॉलीच्या टोकावर बसून सगळी वाट इमानदारीनं कॅमेऱ्यात घेतली होती. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

"दिनूभाऊ," काकू म्हणाल्या, "साक्ष देता काय? रस्ता होता एवढंच सांगाचं हाय. अन् ते सीडी दाखवाची."

रस्ता होता हे शंभर टक्के खरं. पण साळा तो साळा! आपल्याकडे सोयऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची एक रीत आहे. आपल्या पायानं जायचं नाही. कोर्टानं ओढून नेलं असं चारचौघांत दिसलं पाहिजे. मग 'मी काय करू बापा, समन्स आला' असं म्हणून पंगतीला बसता येतं.

मी हात जोडले. "येतो न काकू. पन मले समन्स पाठवा. बिना समन्सचा आलो तं मंदा मले घरात घ्याची नाही."

मंदा म्हणजे माझी बायको. प्रकाशची थोरली बहीण.

"पाठवतो मंग," म्हणून काकू गेल्या. कोर्टाची तारीख पुढं पुढं जात राहिली, आणि मी हे बोलणं साफ विसरून गेलो. मी विसरलो, पण तुम्ही विसरू नका. पुढच्या सगळ्या गोष्टीत ते तुम्हालाच लक्षात ठेवायचं आहे.

आता दुसरा घोळ. गेल्या उन्हाळ्यात इंगोले बाबूंच्या लेकीचं लग्न होतं. हे बाबू आपल्या तालुक्याच्या कोर्टात कामाला, न्यायाधीशांच्या पुढ्यात बसतात ते. माणूस शिस्तीचा, हसणं वर्षातून दोनदा. शूटिंग माझ्याकडे. हळद झकास आली, वरात झकास आली, जेवणाची पंगत तर अशी आली की बघताना भूक लागावी. फक्त मंगलाष्टकांचं मेमरी कार्ड मी दुसऱ्या दिवशी एका बारशात पुसून वापरलं! घरी येऊन लावतो तर काय? जिथं 'शुभमंगल सावधान' पाहिजे तिथं एक बाळ टाहो फोडतंय.

सांगणार कोणत्या तोंडानं? बाबू आले की मी एकच वाक्य म्हणायचो, "एडिटिंग चालू हाय."

एक महिना चालू, दोन महिने चालू, सहा महिने चालू. शेवटी बाबू चष्मा पुसत म्हणाले, "दिनूभाऊ, तुमची एडिटिंग कोर्टातच पाहा लागते वाटते."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. आणि बरोबर आठ दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी खाकी पिशवी लटकवलेला एक माणूस विचारत आला, "ते शूटिंगवाले दिनकरराव कुठं बसतात? कोर्टातून आलो."

बेलीफ! म्हटलं, बाबूंनी घात केला!

मी उडी मारून फोटोच्या पडद्यामागे गेलो. आमचा पडदा झकास आहे, त्यावर बर्फाचे डोंगर आणि दोन हंस. बेलीफ आत आला आणि समोरच्या स्टुलावर बसला. मी हंसांच्या मागे श्वास रोखून उभा. पाच मिनिटांनी तो शांतपणे म्हणाला, "पडद्याखाली पाय दिसून राह्यले."

भिंतीपलीकडून रफीकचाचा ओरडले, "ते पाय गिऱ्हाइकाचे हायत! दिनूभाऊ वाशिमले गेले!"

"गिऱ्हाइकाले बोलाले सांगा मंग."

"मुका हाय बिचारा!"

बेलीफ बिचारा सज्जन. "नाई भेटले असं लिहितो," म्हणून उठला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी शटर आतून ओढून बसलो. तिसऱ्यांदा मी चाचांच्या मशीनखाली होतो, आणि बाहेर आलो तेव्हा माझ्या पाठीला कोणाच्या तरी सफारीची अर्धी बाही टाचलेली होती.

का घेतला नाही कागद? तर आपलं एक ठाम मत होतं. कागदाला हात लावला की तो लागू होतो. हातच नाही लावला तर कोर्ट काय करणार? तुम्ही हसताय, पण तुमच्या गावातही निम्म्या लोकांचं हेच मत असेल.

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका दुपारी शांताकाकू दुकानात आल्या. चेहरा उतरलेला. स्टुलावर बसल्या, पदरानं घाम पुसला, पाणी प्यायल्या.

"काय म्हणते केस?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"काय म्हनन? साक्षीदारच येऊन नाही राह्यला." त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "मानूस भला हाय. पन बेलीफ गेला का लपते. एक तारीख गेली. वकील म्हनते, पुढच्या तारखेले आला नाही तं जज मॅडम पुरावा बंद करतीन. मंग रस्ता गेला समजा. सूनबाईचे दुसऱ्यांदा दिवस भरत आले हायत भाऊ. पुन्हा बाजेवरच न्याव लागन तिले."

माझं पित्त असं खवळलं म्हणता! सून बाजेवर, आणि हा कोण शेणाचा गोळा लपून बसलाय!

"असा कसा साक्षीदार?" मी टेबलावर मूठ आपटली. "लाज नाही वाटत त्याले? काकू, तुमी लय भोळ्या. त्याच्या दारावर चिकटवा तो कागद! साऱ्या गल्लीले दिसू द्या! अन् तरी नाही आला तं सीधं वॉरंट काढा! पोलिसानं बखोटीले धरून नेलं पाहिजे असल्याले!"

काकूंनी पदर खांद्यावर सारखा केला. मग विचारलं, "वॉरंट काढू म्हनता?"

"काढाच! माझ्या नावानं सांगा वकिलाले!"

"तुमीच म्हनता तं काढतो मंग," काकू उठल्या. जाताना का कोण जाणे, पण गालात हसल्या. मला वाटलं, आपल्या बोलण्यानं म्हातारीला धीर आला. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

चारच दिवसांनी सकाळी दुकानावर येतो तर शटरवर कागद! चारी कोपऱ्यांना डिंक, खाली गोल शिक्का, आणि समोर अर्धी गल्ली मान वर करून उभी.

मी डोळे मिटून घेतले. खरंच सांगतो, मिटून घेतले. वाचला तर लागू व्हायचा!

"चाचा," मी डोळे मिटूनच हाक मारली, "तुमीच वाचा. पन हळू. अन् थोडंसंच वाचा."

चाचांनी गळ्यातला टेप सारखा केला आणि वाचायला लागले, "कोर्टात जातीनं हजर राहावे, व सोबत लग्नाच्या चित्रीकरणाची मूळ सीडी..."

"बस बस बस!" मी कानांवर हात ठेवले. "पुढं नका वाचू! ऐकलं तरी लागू होते!"

लग्नाचं चित्रीकरण! आता शंका कुठं उरली? बाबूंना मंगलाष्टकं पाहिजेत, आणि माझ्याकडे आहे रडणारं बाळ. तेव्हा मला एवढंही सुचलं नाही की आता सीडी कोण देतं? बाबूंना तर मी पेनड्राइव्ह कबूल केला होता. पण भीतीला कुठं डोळे असतात?

"अरे भाई, पुरा तो सुनो!" चाचा ओरडत राहिले. मी तोपर्यंत स्टँडवर पोहोचलो होतो.

रिसोडला माझी बहीण राहते. मोबाइल बंद करून चार दिवस तिच्याकडे काढले. फाटकाशी मोटरसायकल थांबली की मी धान्याच्या कोठीमागे. दूधवाला आला, कोठीमागे. गॅसवाला आला, कोठीमागे. चौथ्या दिवशी भाच्याला बघायला पाहुणे आले तेव्हाही मी कोठीमागेच होतो, आणि शिंकलो. पाहुणे उठूनच गेले. बहिणीनं माझी पिशवी भरून दारात ठेवली आणि म्हणाली, "दादा, तुह्या पाया पडतो, पन आपल्या घरी जाय."

घरी आलो. अंगणात बाजेवर एक पोलीस जमादार बसून बशीनं चहा पीत होते.

"या दिनकरराव," ते म्हणाले. "वॉरंट हाय. पन घाई नाही, चहा होऊ द्या. वयनीनं अद्रक मस्त टाकलं."

मंदा आतून धावत आली. "अवो, ऐका तं! चाचानं मले सारा कागद वाचून दाखवला. तो कागद..."

"एक शब्द नको बोलू!" मी तिला थांबवलं. "जे केलं ते मी केलं, आता भोगू दे मले. फक्त पिशवी भर. टॉवेल, बनियन, ब्रश. किती दिवस ठेवतीन सांगता येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कपाळाला हात लावला, आत गेली आणि पिशवी भरून आणली. वर लाडवांचा डबा होता. मी तिच्या डोळ्यांत पाणी आहे का पाहिलं. पाणी नव्हतं. उलट मला वाटलं ती हसू दाबतेय. म्हटलं, दुःखानं माणसाचं असं होतं.

कोर्टात शिरलो. मागं गर्दीत प्रकाश बसलेला, त्यानं मला जमादारासोबत येताना पाहिलं आणि तोंडच उघडं राहिलं. एका बाकावर शांताकाकू. समोर उंचावर न्यायाधीश मॅडम, आणि त्यांच्या अगदी पुढ्यात, फायलींच्या ढिगामागे, इंगोले बाबू! बघा, म्हटलं, फिर्यादी कसा मांडी ठोकून बसलाय.

पुकारा झाला. मी सरळ गेलो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो.

"अहो, तिकडे नाही," मॅडम म्हणाल्या. "इकडे या."

मला वाटलं, मॅडमना सवलत द्यायची आहे. मी पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. "नाही मॅडम. माझी जागा हेच हाय. मी सारं कबूल करतो. मंगलाष्टकं मीच पुसली."

मॅडमनी चष्मा काढला. "काय पुसली?"

"मंगलाष्टकं, मॅडम. इंगोले बाबूच्या लेकीची. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, कार्ड कमी पडलं, अन् त्याच्यावर बारसं घेतलं. एडिटिंग-फेडिटिंग काही चालू नाही. आठ महिने मी बाबूशी खोटं बोलून राह्यलो. आता जे शिक्षा द्यायची ते द्या, पन गल्लीतून बेड्या घालून नेऊ नका."

इंगोले बाबू काहीतरी लिहीत होते, त्यांचं पेन जागच्या जागी थांबलं. ते हळूहळू वळले.

"पुसली?" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात काकूंचे वकील उभे राहिले. "मॅडम, काहीतरी गैरसमज आहे. हे आरोपी नाहीत. ही रस्त्याची केस आहे आणि हे आमचे साक्षीदार आहेत."

साक्षीदार?

"मग समन्स का घेत नव्हते?" मॅडमचा आवाज कडक झाला. "तीन वेळा बेलीफ परत आला आहे. कोर्टाचा समन्स टाळला तर दंड होतो, माहीत आहे का?"

"मॅडम, त्याचं तर आम्हालाही नवल आहे," वकील म्हणाले. "कारण समन्स पाठवा, असं यांनीच आमच्या पक्षकाराला सांगितलं होतं."

आणि मग आठवलं! सगळं आठवलं! काकू, हात जोडणं, 'बिना समन्सचा येत नाही', सगळं. शेणाचा गोळा तो मीच होतो! मी पिंजऱ्यातून बाहेर यायला गेलो तर पिशवीचा बंद कठड्याला अडकला, जमादारांनी सोडवला.

"मूळ सीडी आणली आहे?" वकिलांनी विचारलं.

मी पार खचलो. सीडी घरी कुठं असेल देव जाणे. काकू बाकावरून पुढं वाकल्या होत्या, हात जोडलेले. आज सीडी नाही म्हटलं की त्यांचा रस्ता गेला, आणि तो माझ्यामुळे गेला. उगाच पिशवीत हात घातला. टॉवेल निघाला. बनियन निघालं. ब्रश निघाला. लाडवांचा डबा निघाला. आणि तळाशी, मंदाच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक सीडी. वर माझंच अक्षर, 'शांताकाकू, लग्न'.

सख्ख्या भावाविरुद्धचा पुरावा तिनं शोधून, पुसून, लाडवांखाली ठेवला होता. मला भर कोर्टात रडू आलं. मी इतकी वर्षं तिच्या नावानं घाबरत होतो, आणि ती माझ्यापेक्षा सरळ निघाली.

सीडी लॅपटॉपवर लावली. ट्रॅक्टर निघाला. दोन्हीकडे हिरवीगार शेतं, मधून मस्त बैलगाडीची वाट, पुढं बँड. आणि बँडच्या पुढं, तोंडात रुमाल धरून, जमिनीवर आडवा पडून, नागीण डान्स करणारा एक माणूस.

"हे लोळत आहेत ते कोण?" वकिलांनी विचारलं.

"माझे साळे," मी म्हणालो. "प्रकाशराव."

"आणि कशावर लोळत आहेत?"

मी मागं बघितलं नाही. "रस्त्यावर."

मॅडमनी तोंडासमोर फाइल धरली. फाइल बराच वेळ हलत होती. मग त्यांनी मला समज दिली, पुन्हा असं कराल तर दंड लावीन म्हणाल्या, आणि सोडलं.

बाहेर लिंबाखाली काकू भेटल्या. मी खाली मान घालून म्हणालो, "काकू, चुकलो. पन वॉरंट काढताना एक शब्द तरी बोलाचा."

काकूंनी डोळे मोठे केले. "घ्या! तुमीच तं म्हनले, दारावर चिकटवा, वॉरंट काढा! मले वाटलं, साळा मोठा मानूस हाय, निस्त्या समन्सानं तुमचं भागत नसन. तुमाले वजनदार कागद पायजे. म्हून मी वकिलाच्या मागं लागून लागून काढलं बापा तुमच्यासाठी!"

म्हणजे बघा. समन्स मी मागितला. चिकटवायला मी सांगितला. वॉरंट मी काढायला लावलं. आणि ज्या गुन्ह्याची कोणी फिर्यादच केली नव्हती, तो गुन्हा फिर्यादीच्या तोंडावर जाऊन कबूलही मीच केला!

फिर्यादी माझ्या मागंच उभे होते. इंगोले बाबू चष्मा पुसत म्हणाले, "रविवारी जवाई येऊन राह्यले. हार, अंतरपाट, भटजी, सारं तयार ठेवतो. मंगलाष्टकं पुन्हा घ्या."

"घेतो बाबू. या खेपी समन्स नका पाठवू, मी आपला येतो."

"अन् एक," त्यांनी आवाज खाली आणला. "लेक बाळंतपनाले आली हाय. कॅमेरा खांद्याच्या खाली आला तं पाहा."

काकूंच्या बाजूनं निकाल लागला. वाट मोकळी झाली, आणि काकूंची सून या वेळी रिक्षात बसून दवाखान्यात गेली. मुलगी झाली. बारशाची शूटिंग मी केली, नवीन कार्डावर.

प्रकाश महिनाभर आमच्याकडे फिरकला नाही. मग एक दिवस दुकानात आला. मी नकळत पडद्याकडे सरकलो.

"भीता कायले भाऊजी?" तो स्टुलावर बसत म्हणाला. "तुमचा काय दोष? वॉरंट होतं तुमच्यावर. मी पाह्यलं न, पोलिसानं धरून आनलं." मी काकूंना मनातल्या मनात दंडवत घातला. म्हातारीचा हिशोब बरोबर होता.

मग तो जरा लाजला. "एक काम होतं. ते माह्यं नाचनं... कॉपी भेटन काय? घरच्याईले दाखवाव म्हनतो. लय मस्त नाचलो होतो न मी?"

आता माझ्याकडे ती एकच सीडी होती, आणि ती कोर्टाच्या फायलीत बंद. कॅमेऱ्यातलं मूळ शूटिंग कधीच कोणत्या तरी बारशाखाली गेलं होतं. पण साळा इतक्या दिवसांनी गोड बोलून राहिला होता, त्याला नाही कसं म्हणणार?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भेटन न! एडिटिंग चालू हाय."